उजनीच्या जलाशयांतील कबरी व मुसलमानांचा जीवनमृत्युविचार

भीमा नदीवर माढें तालुक्यांत उजनी येथें बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या यशवंतसागर नांवाच्या जलाशयांत एकंदर सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यापैकीं तळचे सुमारें ६४ अब्ज घनफूट पाणी नेहमींच्या सिंचनाच्या हिशेबांत धरीत नाहींत. पाटबंधारे खात्याच्या परिभाषेंत त्यास ‘मृत साठा’ असें नांव आहे. करमाळें व माढें या सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्यांचीं आणि पलीकडच्या इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांचीं अनेक जुनीं गावठाणें या जलाशयाच्या पोटांत आहेत. अवर्षणाच्या सालीं पाणी मृत साठ्याच्या रेषेखालीं उतरलें म्हणजे त्यांचे अवशेष उघडे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत पळसदेवचें प्राचीन देवालय असेंच वर आलें व तें पाहण्यास दूरदूरचे लोक गेले. देवळाचें शिखर सर्वांस दिसतें. परंतु ज्या गांवांत मुलाणी, शेख, तांबोळी, आतार अशा घरांची वस्ती होती, तेथें गांवाच्या कडेला कबरस्तानहि असे, आणि गावठाण पाण्याखालीं गेलें तेव्हां तेंहि गेलें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

विस्थापित गांवांनीं आपल्या ग्रामदेवता नव्या गावठाणांत नेल्या. पळसदेवच्या लोकांनीं नव्या गांवीं पळसनाथाचें नवें मंदिर उभारून पूजाअर्चा पुढें चालविली. कबर मात्र मूर्तीप्रमाणें उचलून नेण्याची वस्तु नव्हे. ती जागच्या जागीं राहते, व राहिली म्हणजे पाहणाराच्या मनांत दोन परस्परविरुद्ध तर्क उत्पन्न होतात. एक असा कीं, ज्यांनीं आपले पूर्वज पाण्याखालीं राहूं दिले त्यांस पूर्वजांची आस्था नसावी. दुसरा असा कीं, कबरीवर चादर व फुलें चढविणारा हा समाज कबर बुडाली म्हणजे मृताची गतिच बुडाली असें समजून तळमळत असावा. हे दोन्ही तर्क निराधार आहेत. त्यांचा निरास करावयाचा तर मुसलमानाची जीवन व मृत्यु यांविषयींची कल्पना त्याच्या धर्मग्रंथांवरून समजून घेतली पाहिजे. शेजारधर्माच्या दृष्टीनें तें जितकें अगत्याचें आहे, तितकेंच इतिहाससंशोधनाच्या दृष्टीनेंहि आहे.

आरंभ शब्दांपासून करणें सोयीचें होईल, कारण शब्दांतच अर्धा विचार सांठविलेला असतो. मराठी वर्तमानपत्रांत मृत मुसलमान गृहस्थाच्या नांवामागें ‘पैगंबरवासी’ असें विशेषण लावण्याची चाल आहे. ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’ या साच्यांत बसविलेला हा शब्द सद्भावनेचा द्योतक आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यांतील कल्पना इस्लामी नव्हे. मृत मनुष्य मरणानंतर लगेच पैगंबरांच्या सन्निध राहावयास जातो असें इस्लामचें मत नाहीं. मुसलमान स्वतः ‘मरहूम’ असें म्हणतात. त्याचा अर्थ ‘ज्यावर ईश्वराची दया झाली तो’. आणि ती दया झालीच असें विधान त्यांत नसून ती व्हावी अशी प्रार्थना त्यांत आहे. मरणास ‘वफात’ असा शब्द आहे. दिलेली वस्तु पूर्णपणें परत घेणें हा त्याचा मूळ भाव होय. दुसरा शब्द ‘इंतकाल’. त्याचा अर्थ स्थलांतर. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं मुक्काम हलविणें यापेक्षां अधिक कांहीं त्या शब्दांत नाहीं. या लोकास ‘दुनिया’ म्हणजे जवळची, आणि परलोकास ‘आखिरत’ म्हणजे शेवटची, असें म्हणतात. आपल्या इहलोक-परलोक या जोडीशीं हे शब्द जुळतात. मात्र आपल्या विचारांत या दोहोंमधील येरझार जन्मोजन्मीं चालते, आणि इस्लामी विचारांत ती एकदांच घडते. पुनर्जन्म नाहीं, म्हणून हें एकच आयुष्य निर्णायक ठरतें. सर्व भेदाचें मूळ येथें आहे.

कुराणांतील ‘मुल्क’ नामक अध्यायाच्या आरंभीं ईश्वरानें मृत्यु व जीवन हीं दोन्ही उत्पन्न केलीं, तीं मनुष्यांपैकीं कोणाचें आचरण अधिक चांगलें याची परीक्षा व्हावी म्हणून, असा आशय आहे. तेथें मृत्यूचा निर्देश जीवनाच्या आधीं आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मृत्यु म्हणजे जीवनाचा केवळ अभाव नव्हे. तोहि एक निर्मिलेला पदार्थ असून त्याला प्रयोजन आहे, असा भाष्यकारांचा त्यावर अभिप्राय पडतो. ‘लुक्मान’ अध्यायाच्या शेवटच्या वचनांत ज्या पांच गोष्टींचें ज्ञान एका ईश्वरासच आहे त्या सांगितल्या आहेत. आपण कोणत्या भूमींत मरूं हें कोणाहि जीवास ठाऊक नसणें, ही त्यांपैकीं एक. ‘मूमिनून’ अध्यायांत मरणापासून पुनरुत्थानापर्यंतच्या मधल्या अवस्थेस ‘बर्झख’ म्हणजे आडपडदा असें म्हटलें आहे. मृत मनुष्य या अवस्थेंत असतो. शेवटच्या दिवशीं, ज्यास कयामत म्हणतात, त्या दिवशीं सर्व मृत उठतील व प्रत्येकाच्या कर्माचा हिशेब होईल.

कुजून गेलेलीं हाडें पुन्हा कोण जिवंत करणार, अशी शंका काढणारा मनुष्य ‘यासीन’ अध्यायांत आला आहे. ज्यानें प्रथम निर्माण केलें तोच करील, असें त्यास उत्तर दिलें आहे. ‘कियामत’ नामक अध्यायांत तर बोटांचीं पेरेंसुद्धां पूर्ववत् जुळविण्याचें सामर्थ्य ईश्वरास आहे असें सांगितलें आहे. याचा प्रस्तुत प्रश्नाशीं निकट संबंध आहे. प्रेत मातींत गेलें, पाण्यांत गेलें, श्वापदांनीं खाल्लें किंवा अग्नींत जळालें, तरी पुनरुत्थानास त्यामुळें बाध येत नाहीं, हें मत यांतून निष्पन्न होतें. ज्याची कबर कोरड्या टेकडीवर आहे त्याची गति बरी, आणि ज्याची जलाशयाच्या तळाशीं आहे त्याची वाईट, असा भेद शास्त्रांत नाहीं. सारांश, उजनीच्या पाण्यानें मृतांचें कांहींएक हिरावून घेतलें नाहीं, असें श्रद्धावान् मुसलमान मानतो.

असें असेल तर कबरीची आस्था तरी कशासाठीं, असा प्रश्न साहजिक पुढें येतो. त्याचें उत्तर अंत्यविधींत सांपडतें. मूल जन्मलें म्हणजे त्याच्या उजव्या कानांत अजान व डाव्या कानांत इकामत म्हणण्याची चाल आहे. या दोन्ही नमाजापूर्वींच्या घोषणा होत. उलटपक्षीं, मृतासाठीं जी जनाज्याची नमाज पढतात तिला अजान नाहीं व इकामतहि नाहीं. या विसंगतीवरून मुसलमानांत असें म्हणण्याचा प्रघात आहे कीं, जन्मतांना अजान झाली, मरतांना नमाज झाली, आणि मधलें आयुष्य म्हणजे अजान व नमाज यांमधील थोडासा अवकाश. जनाज्याची नमाज उभ्यानेंच होते. तींत चार वेळां ईश्वराचें महत्त्व उच्चारतात. वांकणें नाहीं, जमिनीस कपाळ टेकणें नाहीं. समोर प्रेत असतां नमन केलें तर तें प्रेतास केल्यासारखें दिसेल, असें याचें कारण सांगतात.

प्रेतास स्नान घालणें, कफन नेसविणें, नमाज पढणें व दफन करणें ही चार कर्तव्यें गांवच्या मुसलमानांवर सामुदायिक असतात. कांहींनीं तीं केलीं म्हणजे सर्वांची सुटका होते; कोणींच न केलीं तर सर्वच दोषी ठरतात. मृताच्या हातून आतां कांहीं होणें नाहीं, म्हणून त्याचा हक्क जिवंतांवर जातो. एकट्यादुकट्या मुलाणी कुटुंबाच्या खेड्यांत कोणी वारलें म्हणजे शेजारच्या गांवचे जातभाई धांवून येतात, त्यामागें केवळ भाऊबंदकी नसून हें कर्तव्य आहे. कबरींत प्रेत उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडे करून ठेवतात. आपल्या प्रांतांतून काबा पश्चिमेस, किंचित् वायव्येकडे झुकून येतो; अर्थात् मस्तक उत्तरेस व पाय दक्षिणेस येतात. मग जमलेले लोक तीन तीन मुठी माती लोटतात. मातींतून उत्पत्ति, मातींत परत जाणें व मातींतूनच पुन्हा उठणें, या ‘ताहा’ अध्यायांतील तीन अवस्थांचें स्मरण त्या वेळीं करण्याची रीत आहे. प्रेत ही मातीची ठेव होय, आणि ती तिला परत केली, असा या विधीचा भाव आहे.

मूर्ति व कबर यांतील भेद येथें स्पष्ट होतो. आपल्याकडे मूर्तींत देवतेचें आवाहन करून प्राणप्रतिष्ठा केलेली असते. स्थान सोडण्याचा प्रसंग आल्यास तें देवतातत्त्व मंत्रपूर्वक कलशांत घेऊन अन्यत्र स्थापण्याचा विधि जीर्णोद्धारप्रकरणांत आहे. ज्याचें आवाहन झालें त्याचें स्थानांतर होऊं शकतें. कबरींत आवाहन केलेलें कांहींच नाहीं. तेथें जें होतें तें मातीस देऊन टाकलें आहे, आणि दिलेली ठेव परत मागणें अप्रशस्त. म्हणून दफनानंतर कबर उकरूं नये असा हनफी धर्मशास्त्राचा सामान्य नियम आहे. परक्याच्या जमिनींत संमतीवांचून दफन झालें असल्यास, किंवा अशाच दुसऱ्या सबळ कारणास्तव, त्यास अपवाद करितात. सोलापूर जिल्ह्यांतील बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. मृताचें हाड मोडणें हें जिवंताचें हाड मोडण्यासारखेंच आहे, असें एक पैगंबरवचनहि प्रसिद्ध आहे.

पाणी व कबर यांचा प्रश्न इस्लामच्या इतिहासांत कांहीं नवा नाहीं. इ. स. ६२५ मधील उहुदच्या लढाईंत पडलेल्या दोघां अनुयायांस एकाच कबरींत पुरलें होतें. ओढ्याच्या पुरानें ती कबर उघडी पडूं लागली, तेव्हां शेचाळीस वर्षांनीं त्यांस दुसरीकडे हलविलें, व प्रेतें काल मरण पावल्यासारखीं आढळलीं, असा वृत्तांत इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ ग्रंथांत आहे. प्रेत उघडें पडण्याचें भय असेल तेव्हां हलविण्यास आधार आहे, एवढें यावरून दिसतें. याच्या अगदीं उलट उदाहरण बलाझुरी या इतिहासकारानें दिलें आहे. सातव्या शतकांत अरबांनीं इराणांतील सूस नगर घेतलें, तेव्हां तेथें दानियाल पैगंबराचें म्हणून एक प्रेत लोकांनीं जपून ठेविलेलें आढळलें. खलिफा उमर यांच्या आज्ञेवरून नदीचा प्रवाह अडवून पात्रांत तें पुरण्यांत आलें, व मग वरून पाणी सोडून दिलें. प्रेतपूजा माजूं नये म्हणून कबर मुद्दाम पाण्याखालीं घातल्याचा हा दाखला आहे. पाण्याखालची कबर ही अप्रतिष्ठा नव्हे, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यास तो पुरे.

पाण्यांत बुडून मरणाराविषयींहि शास्त्राचा निर्णय आहे, आणि जलाशयाच्या काठीं राहणाऱ्यांस तो केवळ पुस्तकी नव्हे. २१ मे २०२४ रोजीं कुगांवाहून कळाशीकडे येणारी नाव वादळांत उलटून सहा माणसें बुडालीं, तें दुःख दोन्ही तीरांवर ताजें आहे. ज्या काठीं मासेमारी, होडीवरील जाणेंयेणें व पाण्यावरील पंप यांवर संसार चालतात, तेथें असें मरण कोणत्याहि घरीं येऊं शकतें. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत प्लेगसारख्या सांथींत वा पोटाच्या विकारानें मेलेला, भिंतीखालीं चिरडलेला व पाण्यांत बुडालेला यांची गणना शहीदांत केली आहे. रणांत पडलेल्या शहीदास स्नान नाहीं. बुडालेल्यास मात्र इतरांप्रमाणेंच स्नान व कफन आहे, त्याचें हौतात्म्य परलोकापुरतें मानावयाचें. प्रेत पाण्यांतच होतें, मग स्नान कशास, अशी शंका हनफी ग्रंथकारांनीं घेतली आहे. त्यावर त्यांचें उत्तर असें कीं, स्नान घालणें हें जिवंतांचें कर्तव्य आहे, व नदीनें तें परभारें केलें असें होत नाहीं. निदान बाहेर काढतांना स्नानाच्या हेतूनें प्रेत पाण्यांत तीनदां हालवावें. वरवर ही बारीक चिकित्सा वाटते. परंतु मृताचा हक्क माणसानेंच पुरा करावयाचा, निसर्गावर सोंपवावयाचा नाहीं, हें तत्त्व तींत आहे. प्रेत सांपडलेंच नाहीं, तर त्याच्या अनुपस्थितींत नमाज पढणें शाफई पंथास मान्य आहे, हनफींस नाहीं. कोंकणांतील मुसलमान पुष्कळ अंशीं शाफई आहेत. म्हणून एकाच महाराष्ट्रांत या बाबतींत दोन चाली दिसतात.

आतां कबरीची आस्था कशासाठीं या प्रश्नाकडे पुन्हा वळूं. पैगंबरांनीं आरंभीं कबरींस भेट देण्याची मनाई केली होती, व पुढें ती उठविली. कारण त्या भेटीनें परलोकाचें स्मरण होतें, असें हदीसांत आहे. म्हणजे ‘झियारत’ ही मुख्यतः जाणाराच्या हितासाठीं आहे. मृतासाठीं तो प्रार्थना करतो, आणि स्वतः एक दिवस येथेंच यावयाचें आहे ही जाणीव घेऊन परततो. जलाशयानें हिरावून घेतलें असेल तर हेंच. तोटा मृतांचा नव्हे, जिवंतांचा आहे. आईबापांच्या कबरीपाशीं उभें राहून प्रार्थना करण्याची जागा गेली, आणि नातवंडांस दाखविण्याजोगी मृत्यूची खूण गेली. प्रार्थना मात्र कोठूनहि पोहोंचते असा विश्वास असल्यानें ती थांबत नाहीं. १९६७ सालीं पुऱ्या झालेल्या मंगला धरणांत काश्मीरच्या पश्चिम भागांतील जुनें मीरपूर शहर बुडालें. हिवाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तेथील लोक चिखलांतून चालत जाऊन आपल्या कबरींस व दर्ग्यांस भेट देतात. श्रद्धेचें व दुःखाचें हें रूप भीमेच्या काठींहि समजण्यास कठीण नाहीं.

या विचाराचीं ऐतिहासिक उदाहरणें भीमेच्या खोऱ्यांतच मिळतात. उजनीच्या खालीं मंगळवेढें तालुक्यांत ब्रह्मपुरी येथें औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. त्याच्या राजकारणाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. १७०७ सालीं अहमदनगर येथें तो वारला, व खुलदाबाद येथें शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत उघड्या आकाशाखालीं साध्या मातीच्या कबरींत त्यास पुरलें; भोंवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ मागाहूनची आहे. टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांत आपलें कफन करावें, असें त्याच्या नांवावर असलेल्या मृत्युपत्रांत आहे. बादशहानेंहि कबर मातीचीच मागावी, हा शास्त्राचा परिणाम होय. कारण कबर चुन्यानें बांधणें व तीवर लिहिणें हदीसांत निषिद्ध मानलें आहे.

दुसरें उदाहरण सूफी परंपरेचें. जलाशयाच्या काठच्या तालुक्याचें ठाणें जें इंदापूर, तेथें मालोजीराजे भोसले लढाईंत पडले. ज्या शेख महंमदांस मालोजीराजांचा आश्रय होता, ते श्रीगोंद्यास राहिले, व त्यांनीं ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ १६४५ सालीं पुरा केला. बिदरकडील शहा मुंतोजी यांनीं तर ‘मृत्युंजय’ हें नांव धारण करून मराठींत ग्रंथरचना केली. मरणापूर्वीं मरावें, म्हणजे अहंकार मारावा, हा सूफींचा सिद्धांत या सत्पुरुषांनीं आपल्या वेदांताच्या भाषेंत मांडला. सत्पुरुषाच्या पुण्यतिथीस ‘उरूस’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विवाह. जीवाचें प्रियतम ईश्वराशीं मीलन झालें तो दिवस शोकाचा नसून मंगल होय, असा त्यांतील भाव आहे. दर्ग्यांवर चादर चढविणें, संदल काढणें या चाली या परंपरेच्या. शास्त्राकडे अधिक ओढा असलेले मुसलमान त्यांस हरकत घेतात, आणि हा वाद आजहि गांवोगांवीं चालू आहे. मात्र मृत्यु म्हणजे स्थलांतर, या मूळ गोष्टीविषयीं दोन्ही पक्ष एकमत आहेत.

यावरून संशोधकानें कांहीं धडे घ्यावेत. पाणी ओसरल्यावर दक्षिणोत्तर मांडलेले दगड दिसले तर ती कबर असण्याचा संभव ध्यानांत घ्यावा; आपल्या भागांतील लिंगायतांचें दफन बसलेल्या स्थितींत होत असल्यानें त्यांच्या समाधीचा आकार वेगळा असतो. घडीव कबरींपैकीं पुष्कळांवर पुरुषासाठीं कलमदानासारखा उंचवटा व स्त्रीसाठीं पाटीसारखा सपाट भाग असतो. कबरीवर नांव नसलें म्हणजे ती उपेक्षिताची असें अनुमान करूं नये. नांव न लिहिणें हेंच शास्त्रास संमत आहे, हें वर सांगितलेंच आहे. कबरीवर पाय देऊं नये, बसूं नये, व धनाच्या आशेनें वा जिज्ञासेनें उकरूं नये. त्या मातींत अलंकार पुरण्याची चालच नाहीं. गावठाणाचें नांव, पाण्याची पातळी, दगडाचें माप, दिशा व असल्यास लेखाचा ठसा, इतकें टिपून घ्यावें. विस्थापित गांवांतील वृद्ध मुसलमान गृहस्थांस बरोबर न्यावें. कोणती कबर कोणाची हें त्यांच्याच स्मरणांत आहे, व ती पिढी आतां थोडी उरली आहे. टिपण झाल्यावर दगड होता तेथेंच राहूं द्यावा. पावसाळ्यांत भीमेस पूर येऊन पाणी पुन्हा वर चढतें, आणि पुढील अवर्षणापर्यंत त्या जागेची खूण या टिपणांतच राहणार आहे.